एका दिवसानं काय बिघडतं?

हातातलं काम चालू राहू द्या, कान मात्र इकडे द्या. आज आम्ही मूल राहण्याच्या उपचारांतल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहोत: वेळ.

सोयाबीनच्या सोंगणीत आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला डॉक्टरांनी सांगितलं, सोमवारी रात्री दहाला इंजेक्शन आणि बुधवारी सकाळी दवाखान्यात. त्याच दिवशी मजूर मिळाले. घरचे म्हणाले, "एका दिवसानं काय बिघडतं? गुरुवारी जाय." ती गुरुवारी गेली, तर बीज फुटून गेलेलं. पैसे गेले, महिना गेला आणि बोल तिलाच लागले.

वाफसा गेला की पेरणी साधत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इथंही तसंच आहे. बाईचं बीज फुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. पुरुषाचं बीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतं. म्हणून बीज फुटायच्या आधीचे दिवस महत्त्वाचे.

पाळीनंतर चौदावा दिवस सगळ्यांचा सारखा नसतो. बीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी फुटतं. पाळी २८ दिवसांनी येत असेल तर चौदाव्या दिवशी, ३५ दिवसांनी येत असेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास. म्हणून पाळीचा पहिला दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

उपचारात डॉक्टर दोन-तीन वेळा सोनोग्राफी करून बीजाची पिशवी किती वाढली ते बघतात. ती १८ ते २० मिलिमीटरची झाली की बीज फुटण्याचं इंजेक्शन देतात. त्यानंतर सुमारे ३६ तासांनी बीज फुटतं. धुतलेलं वीर्य गर्भाशयात सोडायचं, म्हणजे आययूआय करायचं, ते साधारण २४ ते ३६ तासांत. टेस्ट ट्यूब बेबीसाठी तर बीज फुटण्याआधीच काढून घ्यावं लागतं. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या उपचारांतून बाळ जन्मलं, तिथंही हाच तासांचा हिशोब होता.

मेहकर-लोणारकडून अकोला किंवा संभाजीनगर गाठायचं तर पहाटेची एसटी धरावी लागते. म्हणून चार गोष्टी आधीच विचारा. इंजेक्शन नेमकं किती वाजता? ते थंड ठेवायचं का? गावात कोण टोचणार? दवाखान्यात किती वाजता पोचायचं?

नवऱ्यानंही सोबत जायचं. त्याची तपासणी साधी आणि स्वस्त आहे, ती सुरुवातीलाच व्हावी. दोष बाईचाच, असं धरून चालू नका. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, किंवा पस्तिशीनंतर सहा महिन्यांत राहिले नाहीत, तर डॉक्टरांकडे जा. २०२१ च्या कायद्याप्रमाणे अशा दवाखान्यांना नोंदणी लागते. प्रमाणपत्र दाखवा म्हणायला लाजू नका.

पुढच्या महिन्यात कापूस वेचणी होती. आमची मैत्रीण बुधवारी वेळेवर गेली, कारण आम्ही पाच जणी तिच्या वावरात वेचायला गेलो. त्या वेळी दिवस राहिले नाहीत. वेळ साधली तरी पहिल्याच खेपेला बहुतेकींना यश येत नाही. पण या वेळी तिला कुणी बोल लावला नाही. ती पुन्हा जाणार आहे, आणि आम्ही पुन्हा वावरात जाऊ.