वाकडा उसळणारा चेंडू

मी मावळातल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. आमच्याकडे कबड्डी, खो-खो आहे, आणि भात निघून खाचर रिकामं झालं की क्रिकेट आहेच. अशा शाळेत काही वर्षांपूर्वी रग्बीचे दोन चेंडू आले. पोरांनी ते उलटसुलट करून पाहिले. एकानं विचारलं, "सर, ह्याच्यात हवा कमी भरलीय का जास्त?" दुसऱ्यानं जमिनीवर टप्पा मारला. चेंडू समोर न जाता बाजूला उडाला, तिथून मागं आला आणि कुंपणाबाहेरच्या ओढ्यात गेला. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

हा आकार आला कुठून? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या रग्बी गावात विल्यम गिल्बर्ट आणि रिचर्ड लिंडन हे बूट शिवणारे कारागीर हे चेंडू करत. आत डुकराचं मूत्राशय फुगवून घालायचं आणि वरून कातडं शिवायचं. मूत्राशय जसं फुगेल तसा चेंडू. पुढे लिंडननं रबरी फुगा आणला आणि १८९२ मध्ये लंबगोल आकार नियमातच बसला. आजचा मोठा चेंडू २८ ते ३० सेंटीमीटर लांब आणि ४१० ते ४६० ग्रॅम वजनाचा असतो. म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही.

हे मी आज सांगतोय. तेव्हा यातलं काही पाहिलं नव्हतं, आणि तिथंच माझी चूक झाली. चेंडूवर पाचचा आकडा छापलेला होता. तो मोठ्या माणसांचा चेंडू. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा द्यायचा असतो. शिवाय हवेचा दाब दर चौरस इंचाला साडेनऊ ते दहा पौंड हवा. मी सायकलच्या पंपाला पिन लावून तो दगडासारखा टणक केला. आणि झेल कसा घ्यायचा, तर व्हॉलीबॉलच्या सवयीनं बोटं ताठ करायला सांगितली. जूनचा शेवटचा आठवडा होता. सातवीतल्या एका मुलीच्या अंगठ्यावर चेंडूचं टोक आलं आणि अंगठा सुजला.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "सर, खेळाचं राहू द्या. आता आवणी तोंडावर आलीय. अंगठ्याबिगर रोप रोवायचं कसं?" ज्यांनी मावळात भाताची आवणी केली आहे त्यांना हे सांगायला नको. मूठभर रोपं डाव्या हातात आणि चिखलात रोवायला उजव्या हाताचा अंगठा नि दोन बोटं. त्या घरात त्या वर्षी दोन हात कमी पडले. मुलगी मैदानावर यायची बंद झाली.

मग मी चेंडू बाजूला ठेवला आणि आधी स्वतः शिकलो. पुण्यात हा खेळ खेळणारी, त्यातही मुलींची, मंडळी आहेत. भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेल्या वाहबिझ भरूचा पुण्याच्याच. आपल्या मुलींनी २०१९ च्या जूनमध्ये मनिलात सिंगापूरला २१-१९ असं हरवलं, तो पंधरा जणींच्या खेळातला भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. हे ऐकल्यावर वाटलं, खेळात खोट नाही, माझ्या शिकवण्यात आहे.

चार नंबरचे चेंडू आणले, हवा मापून भरली. पहिला आठवडा कुणी कुणाकडे चेंडू फेकायचाच नाही. कमरेभोवती फिरवायचा, पायांतून आठचा आकडा काढायचा, जमिनीवर सोडायचा आणि कुठं उसळेल ते आधी बोलून दाखवायचं. बहुतेक वेळा चुकतंच. पण भीती जाते. मग गोल बसून एकमेकांकडे द्यायचा. हात आधीच छातीसमोर, बोटं पसरलेली पण सैल, दोन्ही अंगठे जवळ. चेंडू आला की त्याच्याबरोबर हात थोडे मागं घ्यायचे. उंचावरून आला तर कोपरं जवळ आणून तान्ह्या पोरासारखा छातीशी धरायचा. तान्हं पोर म्हटलं की मुलींना लगेच कळलं, मुलांना जरा वेळ लागला.

खरी अडचण पुढंच होती. रग्बीत हातानं चेंडू पुढं देता येत नाही. देताना तो मागं किंवा फार तर आडवा द्यायचा. धावायचं पुढं, द्यायचं मागं. कबड्डीच्या पोरांना पकड कुणी शिकवावी लागत नाही, पण चढाई करणाऱ्याचा हात सतत पुढं जातो, गडी शिवायला. इथं दोन्ही हात चेंडूला अडकलेले. आमचा सगळ्यात चपळ चढाईवाला महिनाभर चेंडू एका काखेत मारून पळायचा आणि वेळेला देताच यायचा नाही. बरं, आमच्याकडचा पाऊस! लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो. ओला चेंडू साबणासारखा. त्यावर उपाय एकच सापडला: बोटांची टोकं शिवणीवर, तळवा मोकळा.

आवणी संपली. श्रावणात ती मुलगी कुंपणाशी उभी राहून बघू लागली. मी बोलावलं नाही. एक दिवस चेंडू तिच्या बाजूला घरंगळत गेला, तो तिनं उचलला आणि दोन्ही हातांनी नीट परत दिला. पुढच्या आठवड्यात ती ओळीत उभी होती.

दिवाळीआधी पालकसभा झाली. तिची आई आली होती. टेबलावर चेंडू होता. तिनं तो उचलला, दाबून पाहिला.

"एवढ्या हलक्यानं अंगठा सुजला होय?"

मी म्हणालो, "तो हा नव्हता ताई. तो मोठा होता, आणि मी चुकीचा दिला होता."

ती काही बोलली नाही. चेंडू टेबलावर ठेवला, तर तो कलंडून खाली चालला. तिनं तो पडायच्या आत धरला, दोन्ही हातांनी.