खिडकीतल्या गांधीलमाश्या

गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं की आपण काय करतो? काठीला चिंधी बांधून पेटवतो, नाहीतर स्प्रे मारतो. बेंगळुरूतल्या एका शास्त्रज्ञाने मात्र ते बघत बसायचं ठरवलं, आणि चाळीसहून जास्त वर्षं बघितलं.

हे डॉ. राघवेंद्र गदगकर. भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे बेंगळुरूकरांच्या 'टाटा इन्स्टिट्यूट'मध्ये, त्यांनी पीएचडी केली ती जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंवर. डोळ्यांना न दिसणारं सगळं! छंद मात्र दिसणाऱ्या जिवांचा. सेंट्रल कॉलेजच्या खिडक्यांत त्यांना रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाश्यांची पोळी दिसली होती. 1979 साली पीएचडी झाली आणि पुढे छंदच काम झाला.

साहित्य काय? रंगाच्या छोट्या डब्या, वही, पेन, घड्याळ. प्रत्येक माशीवर वेगळा ठिपका द्यायचा, म्हणजे कोण काय करते ते नोंदवता येतं. कुणी नुसती बसते, कुणी भांडते, कुणी अन्न आणते. मग राणी कोण? भांडणारी असेल असं वाटतं ना? नाही. या जातीत राणी गुपचूप बसणाऱ्यांतली.

आता गंमत ऐका. राणीला उचलून बाजूला ठेवलं, की काही मिनिटांत एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते. बाकीच्या तिला आव्हान देत नाहीत. राणी परत ठेवली, की ती पुन्हा निमूट कामाला. राणी आलीच नाही, तर काही दिवसांनी हीच अंडी घालू लागते. वारसदार एकच, भांडण नाही. (आपल्याकडे सात-बाऱ्यावरून काय होतं ते मी सांगायला नको.)

वारस कोण, हे माश्यांना आधीच ठाऊक असतं, हेही या गटाने जाळीने पोळं दुभागून दाखवलं. आपल्याला मात्र आधी ओळखता येत नाही. आकार पाहिला, दरारा पाहिला, अंडाशय तपासले. त्यात ती वेगळी निघाली नाही.

गावाकडची मुलं मला विचारतात, "सर, आमच्या कॉलेजात उपकरणं नाहीत, संशोधन कसं करणार?" त्यांना मी ही खिडकी दाखवतो. बेंगळुरूत ही पोळी वर्षभर सापडतात. दोन-तीन हात लांब बसा, पोळ्याला धक्का लावू नका. आणि पहिले काही दिवस फक्त मोजा, किती माश्या आहेत ते.