दोन्ही हातांचा रक्तदाब

आपल्या या परिषदेचा विषय आहे ताकायासू आर्टरायटिस. १९०८ साली मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी एका तरुणीच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण नोंदवली. मूळ दुखणे मात्र महाधमनी आणि तिच्या शाखांच्या भिंतींत असते. प्रतिकारशक्तीच तिथे दाह पेटवते आणि वाहिन्या अरुंद होत जातात.

निदानाला उशीर झाला की खापर महागड्या स्कॅनच्या तुटवड्यावर फुटते. माझ्या मते खरी अडचण त्याआधीची आहे: आपण रक्तदाब एकाच हाताचा मोजतो. बारीक ताप, थकवा, घटते वजन ही सुरुवातीची लक्षणे क्षय किंवा अशक्तपणा म्हणून खपून जातात. पुढे कपडे पिळताना हात भरून येतो, मनगटाची नाडी क्षीण होते. भारतीय रुग्णांत पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या बऱ्याचदा दाहाच्या तावडीत सापडतात, म्हणून ऐन तारुण्यात रक्तदाब चढतो. पण ज्या हाताची धमनी अरुंद झाली, त्याच हाताला पट्टा बांधला तर आकडा चक्क नॉर्मल येतो.

इतक्या विरळ आजारासाठी गर्दीच्या ओपीडीत वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून दोन्ही हातांचा रक्तदाब मोजण्याचा आग्रह सर्वांसाठी नाही. चाळिशीच्या आतल्या, रक्तदाब वाढलेल्या किंवा नाडी क्षीण लागणाऱ्या रुग्णांपुरताच आहे. दुसरा आक्षेप असा, की ईएसआर-सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या केल्या की भागते. त्या नॉर्मल असूनही दाह धुमसत राहू शकतो. भारतीय संधिवाततज्ज्ञांनी रचलेला आयटास-२०१० हा आजाराची सक्रियता मोजणारा गुणांक रुग्णाची हकीकत आणि तपासणी यांवर उभा आहे, तो उगाच नव्हे. स्कॅन लागतोच, पण कोणाचा करायचा, हे बोटे आणि स्टेथोस्कोप सांगतात.

उपचारांतही घाई नडते. स्टेरॉइड आणि जोडीला मेथोट्रेक्सेटसारखे औषध देऊन दाह शमवावा. जीवावर बेतले नसेल तर अँजिओप्लास्टी त्यानंतर. टोसिलिझुमॅब या नव्या औषधाने आशा दाखवली, परंतु जपानमधील ३६ रुग्णांच्या चाचणीत मुख्य निकष थोडक्यात हुकला. तेव्हा नवे औषध म्हणजे उशिराची भरपाई नव्हे.

दोन्ही हातांचा रक्तदाब केसपेपरवर नोंदवावा, असा ठराव समारोपाच्या सत्रात व्हावा, ही विनंती.