एक रेघ, दोन रेघा आणि शाळेचा पहिला आठवडा

(करंजाडे येथे जून २०२२ मध्ये झालेल्या ग्रामसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण. सभेला न आलेल्या गटांसाठी ते येथे देत आहोत.)



हप्ते आणि कर्जमागणी झाली, म्हणून अध्यक्षताईंनी मला वीस मिनिटं दिली आहेत. मला बोलायचंय ते बुधवारी, म्हणजे १५ जूनला, सुरू होणाऱ्या शाळेबद्दल. आणि सर्दी-तापाबद्दल.

एक हिशेब करून बघा. ज्या पोराचं नाव आपण जून २०२० मध्ये पहिलीत घातलं, ते यंदा तिसरीत जातंय. पण जूनमध्ये नवा गणवेश घालून, नवं दप्तर पाठीला लावून, पावसातून शाळेत जाणं त्यानं अजून एकदाही केलेलं नाही. दोन जून मोबाइलवरच गेले. मध्ये डिसेंबर २०२१ मध्ये लहान वर्ग उघडले, जानेवारीत पुन्हा बंद झाले, मग पुन्हा उघडले. त्यामुळे यंदा कुणालाच पोराचा एक दिवससुद्धा बुडवायचा नाही. मी 'पहिले पाऊल'च्या मेळाव्यात माता गटांबरोबर बसले होते, तेव्हा प्रत्येक आईच्या तोंडी हेच होतं. बरोबरच आहे.

पण त्याच वेळी आपल्या रायगडात, ठाण्यात, मुंबईत, पालघरला कोरोनाचे रुग्ण परत वाढताहेत. गुढीपाडव्यापासून मास्कची सक्ती गेली, ती गेलीच. मी घाबरवायला आलेली नाही. दुसऱ्या लाटेत आपण उपजिल्हा रुग्णालयाच्या दारात जे बघितलं, तसं आत्ता नाही. बहुतेकांना लस मिळाली आहे, बहुतेक जण घरीच बरे होताहेत. प्रश्न आहे तो त्या घरांचा, जिथे एक म्हातारं माणूस आहे, दमा आहे, साखर आहे, किंवा सून गरोदर आहे. पोराला दोन दिवस नाक गळतं आणि ते खेळायला लागतं. त्याच्या आजीचं तसं होत नाही.

मागच्या आठवड्यात मी एका गटाच्या बैठकीत हा विषय काढला, तर एक आजी म्हणाल्या, "आगो, पावसाल्यान पोरांना सर्दी होतेच. त्यात काय बघायचा?" सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण आजींचं अर्धं खरं आहे. पावसाळ्यात शिंका येणारं प्रत्येक पोर कोरोनाचं नसतं. पण नुसतं बघून कोरोना आहे की साधी सर्दी, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. आता वास आणि चव जायचं प्रमाणही कमी झालंय. घसा दुखतो, नाक वाहतं, अंग मोडून येतं, एक-दोन दिवस ताप. सगळं आपल्या नेहमीच्या सर्दीसारखंच.

म्हणून घरी करायच्या टेस्टबद्दल बोलूया. मेडिकलमध्ये जे किट मिळतं, त्यातलं पहिलं आपल्या पुण्यातच तयार झालं. मे २०२१ मध्ये आयसीएमआरनं त्याला मान्यता दिली, तेव्हा किंमत अडीचशे रुपये होती. आपल्यातल्या कितीतरी जणी महिन्याला शंभर रुपये बचत टाकतात, म्हणजे एका किटला अडीच महिन्यांची बचत. हे मला माहीत आहे. म्हणूनच घरातल्या पाच जणांची टेस्ट करा असं मी म्हणणार नाही. करायची तर कुणाची, कधी, आणि रेघ बघून काय समजायचं, एवढंच सांगते.

ही पट्टी तुम्हाला नवीन नाही. आशाताई 'निश्चय' किट देतात ना, पाळी चुकल्यावर बघायचं, तिचीच ही बहीण समजा. तिथे लघवी असते, इथे नाकातला स्राव. 'सी'पाशी एक रेघ येते, ती फक्त पट्टी चालते आहे एवढंच सांगते. ती आलीच नाही तर पट्टी वाया गेली, निकाल धरायचा नाही. 'सी'बरोबर 'टी'पाशीही रेघ आली तर कोरोना आहे. आणि ती रेघ फिकी असली तरी आहे! 'निश्चय'वर फिकी रेघ दिसली तर आपण "थोडीशीच गरोदर" म्हणतो का? तसंच.

करायची रीत पेटीतल्या कागदावर चित्रांसकट असते, ती वाचायला घरातल्या आठवी-नववीच्या मुलीला बसवा. एकच गोष्ट लोक चुकतात, ती वेळ. थेंब टाकल्यावर पंधरा मिनिटांनी बघायचं. वीस मिनिटं उलटली की मग जे दिसेल ते खरं मानायचं नाही. एका घरात पट्टी कट्ट्यावर ठेवून सगळे टीव्ही बघत बसले आणि तासाभरानं दुसरी रेघ दिसली म्हणून रडारड झाली. लहान मुलाच्या नाकात काडी मोठ्या माणसानंच घालायची, आणि किट कितव्या वर्षापासून चालतं ते पेटीवर बघून घ्यायचं. वापरलेलं सगळं सोबतच्या पिशवीत बांधायचं, उघड्यावर टाकायचं नाही.

आता एक रेघ. इथे मला माझीच गोष्ट सांगायला लागेल. सांगायची की नाही, असं दोन दिवस चाललं होतं.

जानेवारीत ओमायक्रॉनची लाट होती. एका सकाळी माझा घसा खवखवायला लागला. मी किट आणलं, टेस्ट केली, एकच रेघ आली. मला इतकं हायसं वाटलं की मी त्याचा फोटोसुद्धा ग्रुपवर टाकला, "मी निगेटिव्ह आहे, बैठक ठरल्याप्रमाणे." दुपारी एका ताईंच्या घरी नऊ जणींबरोबर एकाच सतरंजीवर बसले, चहा झाला, वह्या हाताळल्या. तिसऱ्या दिवशी मला ताप भरला. परत टेस्ट केली तर दुसरी रेघ लख्ख आली.

त्या आठवड्यात त्या घरातल्या सासूबाई आजारी पडल्या. त्यांना दमा होता. सात दिवस ॲडमिट होत्या. बऱ्या होऊन आल्या, आज मागच्या रांगेत बसल्याही आहेत. माझ्यामुळेच झालं हे कुणी सिद्ध करू शकत नाही. त्या महिन्यात ते कुठूनही आलं असेल. त्यांनी मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. पण त्यांच्या सुनेचे सोळा खाडे झाले, आणि गटातून घेतलेलं कर्ज त्या अजून फेडताहेत. आणि ग्रुपवर "मी निगेटिव्ह आहे" हा मेसेज माझाच आहे.

मी समाजकार्य शिकलेली मुलगी, तरी माझं चुकलं कुठं? शितावरून भाताची परीक्षा आपण सगळ्याच करतो. पण तांदूळ टाकून दोन मिनिटं झाली असताना शीत चेपलं आणि "कच्चा आहे" म्हणून गॅस सोडून निघून गेलो, तर भात शिजायचा थांबतो का? घसा दुखायला लागतो त्या पहिल्या दिवशी नाकात विषाणू थोडा असतो. या पट्टीला दिसायला तो भरपूर लागतो. म्हणून एक रेघ म्हणजे "आत्ता दिसला नाही", "नाही" असं नव्हे. आयसीएमआरचं म्हणणंही तेच: लक्षणं आहेत आणि घरची टेस्ट निगेटिव्ह आली, तर आरटीपीसीआर करून घ्यायची. सरकारी दवाखान्यात त्याचे पैसे पडत नाहीत. तेवढं जमलंच नाही तर निदान एक-दोन दिवस थांबून पट्टी परत करा, आणि तोवर पॉझिटिव्ह असल्यासारखंच वागा. दोन रेघा आल्या तर मात्र परत करत बसू नका. पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह, दुसरे अडीचशे घालवायची गरज नाही.

म्हणून माझं मत असं, की घरात एकच किट घ्यायची ऐपत असेल तर ते पोराच्या पहिल्या शिंकेला वापरू नका. ताप किंवा घसादुखी सुरू होऊन दोन दिवस झाले की वापरा. आणि आधी त्या घरात वापरा जिथे म्हातारं, दमेकरी किंवा गरोदर माणूस आहे. जिथे सगळी धडधाकट आहेत तिथे टेस्ट नसली तरी चालेल, पोराला घरी ठेवलं की झालं.

"घरी ठेवलं की झालं" हे मी किती सहज बोलले बघा. सगळं तर तिथेच अडतं.

आपल्यातल्या निम्म्या जणी पनवेल, खांदा कॉलनी, कामोठ्याला घरकामाला जातात. पोर आजारी म्हणून खाडा केला की पगार कापला जातो, चार खाडे झाले की दुसरी बाई बघतात. मग सकाळी सहाला अंग गरम लागलं तर आई काय करते? तापाचं औषध पाजते. सातला ताप उतरतो. पोर शाळेत जातं, आई कामावर. अकरा वाजता औषधाचा जोर उतरला की वर्गात पोर बेंचवर डोकं टेकून पडतं. त्या आईला मी कधीच बोल लावणार नाही. तिच्यापुढे दुसरा रस्ता कुठला ठेवलाय आपण?

घरीसुद्धा वेगळं ठेवायचं कुठे? विमानतळाच्या जागेतून उठून इकडे आलेल्या ताया सांगतात, गावच्या घराला पडवी होती, आजारी माणसाची खाट तिथे टाकायची. आता बिल्डिंगमध्ये एक खोली आणि स्वयंपाकघर, संडास एक. तिथे "वेगळ्या खोलीत ठेवा" म्हणून कागद वाटण्यात काय अर्थ आहे? त्यातल्या त्यात म्हणजे खिडक्या दिवसभर उघड्या, झोपायला म्हाताऱ्या माणसाची जागा खिडकीपाशी आणि पोराची दुसऱ्या टोकाला, आणि आजारी पोराचं खाणंपिणं, मांडीवर घेणं हे आजीऐवजी दुसऱ्या कुणीतरी करायचं. पोर जवळ घेऊ नको हे आजीला सांगणं फार अवघड जातं, ते मी पाहिलंय. मग आजीला मास्क लावायला सांगा. पाच वर्षांखालच्या पोराला मास्क लावू नये असं सरकारी सूचनेतच आहे.

पॉझिटिव्ह आलेल्यानं किती दिवस थांबायचं, हे बऱ्याच जणी विचारतात. जानेवारीपासूनचा नियम: टेस्ट आल्यापासून निदान सात दिवस, आणि शेवटचे तीन दिवस सलग ताप नको. त्यानंतर पुन्हा टेस्ट लागत नाही. टेस्ट न केलेल्या तापाच्या पोरासाठी आपण आपल्यापुरतं एवढं ठरवूया, की औषध न देता पूर्ण एक दिवस-रात्र ताप आला नाही तरच शाळा.

दवाखान्यात कधी पळायचं तेही ऐका. धाप लागते, छाती दुखते, माणूस गुंगीत आहे किंवा बरळतंय, तीन दिवस होऊनही शंभरच्या वरचा ताप हटत नाही, किंवा ऑक्सिमीटर ९३ किंवा त्याखाली दाखवतंय, तर टेस्टची वाट बघत बसायचं नाही. आणि कोरोनाची पट्टी निगेटिव्ह आली म्हणून ताप विसरायचा नाही. आपल्या आजूबाजूला बांधकामाचे खड्डे पाण्यानं भरलेत, तिथे मलेरिया आणि डेंग्यूचे डास होतात. गाढीला पूर आल्यावर त्या पाण्यातून चालत आलेल्या माणसाला ताप आला तर लेप्टोही असू शकतो. पाण्यातून चालून आलो होतो, हे डॉक्टरला आपण होऊन सांगायचं.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या दोघी आपल्याच गटातल्या आहेत. त्यांना महिन्याला दीड हजार मानधन. घसा दुखत असताना त्यांनी खिचडीच्या पातेल्याजवळ उभं राहू नये, हे त्यांनाही कळतं. पण बदली बाई कोण, हे आपण ठरवून दिलं नाही तर त्या जाणारच.

आता माझी मागणी. आपल्या ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी आहे. तो अचानकच्या आजारपणासाठीच असतो. त्यातून दोन गोष्टी करूया असं मी सुचवते. एक, थोडी किट घेऊन ठेवायची, ती सचिवताईंच्या घरी राहतील. मगाशी सांगितली ती घरं त्यावर आधी. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पोर तापलंय म्हणून जिला खाडा करावा लागला, तिला त्या दिवसांपुरती छोटी रक्कम बिनव्याजी द्यायची, परतफेड सवडीनं. किती द्यायची ते तुम्ही ठरवा, मी आकडा सांगणार नाही, पैसे तुमचे आहेत. कोषाध्यक्षताई म्हणाल्या, यात खोटं सांगणाऱ्याही निघतील. निघतील एखाद-दोघी. पण गल्लीत कुणाचं पोर खरंच तापलंय हे आपल्याला डॉक्टरच्या आधी कळतं, नाही का?

मुख्याध्यापक बाईंना मी शनिवारी भेटले. आजारपणाच्या गैरहजेरीसाठी पालकांना दाखला मागणार नाहीत, फोन केला तरी चालेल, असं त्या म्हणाल्या. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांची कॉर्बेव्हॅक्स लस मार्चपासून मोफत सुरू आहे, दोन डोसमध्ये अठ्ठावीस दिवसांचं अंतर. दुसरा डोस राहिलेली पुष्कळ मुलं आपल्याकडे आहेत. 'हर घर दस्तक' मोहिमेत आशाताई या महिन्यात आणि पुढच्या महिन्यात घरोघर येणार आहेत, तेव्हा दार उघडा. २०२० साली दारावर कागद चिकटवायचे, हातावर शिक्के मारायचे, कोनच्या इमारतीत न्यायचे, म्हणून अजूनही काही घरं आशाताईंना बघून आजार लपवतात. आता कुणी कुठे नेत नाही.

हजेरीच्या वहीबरोबर मी दुसरी एक वही फिरवते आहे. ज्या घरात साठीच्या वरचं, दमेकरी, साखरेचं किंवा गरोदर माणूस आहे, त्या घराचं नाव त्यात लिहा, आणि गरज पडली तर दिवसा कुणाचं पोर सांभाळायला कोण मोकळी असते, तेही पुढच्या रकान्यात. पेन सचिवताईंकडे आहे. निधीचा ठराव त्यानंतर मतदानाला घेऊ.