लांब रंग: पुन्हा बोलायचा की नाही?

आज एकच प्रश्न घेऊ.

तुम्ही 'एक इस्पिक' बोललात. भिडू म्हणाला, 'एक नोट्रम्प'. तुमच्या हातात इस्पिकचे राजा, राणी, दश्शी, सत्ती, चव्वी. बदामचा एक्का, तिर्री. चौकटचा एक्का, गुलाम, अठ्ठी, पंजी. किलवरची सत्ती, दुर्री. पॉइंट 14. तोंडात लगेच 'दोन इस्पिक' येतं ना?

माझ्याही आलं होतं. भिडूकडे इस्पिकचं एकच पान निघालं. आमच्याकडे मिळून सहा, समोरच्यांकडे सात! दोन हात कमी पडले. आम्ही व्हल्नरेबल होतो, 200 गुण गेले. भिडूकडे चौकटची पाच पानं होती. तो काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

चुकलं कुठे? इस्पिक किमान पाच पानांवरच उघडायचं, असं आमचं ठरलेलं. म्हणजे पाच पानं पहिल्याच बोलीत सांगून झाली होती. पुन्हा तोच रंग बोललं, की भिडू सहावं पान धरतो. इथे बोली 'दोन चौकट'. भिडूकडे इस्पिकची दोन पानं आणि चौकट कमी असेल, तर तो आपणहून 'दोन इस्पिक'वर येतो. काही बिघडत नाही.

खरोखर सहा पानं असतील, तर बिनधास्त बोला: 12 ते 15 पॉइंटला दोन, 16 ते 18 ला तीन.

रंग पुन्हा बोलण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: यातून भिडूला नवं काय कळणार आहे?