वरच्या कोर्टाची वाट



कन्नडच्या बाजारात आम्ही पुष्कळदा ऐकतो, "सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन, पण सोडणार नाही!" बांधाचं भांडण असो की भावकीचं, हे बोलणं ठरलेलं. बोलणाऱ्याला वाटतं, ती एस.टी.च आहे, तिकीट काढलं की बसायचं. तसं नाही.

समजा, रस्त्यासाठी तुमची जमीन घेतली. नोटीस नाही, मोबदला नाही. साहेब दाद देत नाही. अशा वेळी राज्यघटनेच्या 226व्या कलमाखाली उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. त्याला रिट अर्ज म्हणतात. सरकारला जाब विचारण्याचा हा मार्ग 26 जानेवारी 1950 पासून खुला आहे. मूलभूत हक्कावरच घाला आला, तर 32व्या कलमाने थेट दिल्लीचे सर्वोच्च न्यायालयही गाठता येते. पण शेजाऱ्यानं बांध कोरला म्हणून रिट चालत नाही. त्याला आपलं तालुक्याचं दिवाणी कोर्टच बरं.

उच्च न्यायालयात हरलो तर पुढे काय? 136व्या कलमाने सर्वोच्च न्यायालयाला विनंती करायची, की आमचे अपील ऐकण्याची खास परवानगी द्या. ही परवानगी मागता येते, हक्कानं घेता येत नाही. पुष्कळ अर्ज पहिल्याच दिवशी नामंजूर होतात.

आता आपल्याच मुलखाची हकीकत ऐका. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. वरच्या कोर्टाचं काम हैदराबादेत चाले. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण मुंबई राज्यात आलो आणि ते काम मुंबईला गेलं. कन्नडच्या शेतकऱ्यानं घाट उतरून चाळीसगाव गाठायचं, आगगाडी धरायची, वकिलाच्या दारात बसायचं. तारीख पुढे गेली की परत घरी. दोन एकरांच्या दाव्यात एक एकर असाच जायचा!

27 ऑगस्ट 1981 ला मुख्य न्यायाधीशांच्या हुकमानं औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, न्यायमूर्ती बसू लागले. कन्नडपासून सुमारे 60 किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी. पण गंमत पाहा. त्या हुकमालाच मुंबईत रिट अर्जानं आव्हान मिळालं आणि 14 डिसेंबर 1981 ला उच्च न्यायालयानं तो रद्द ठरवला. म्हणजे रिटचं हत्यार आपल्यावरच फिरलं. त्यात गैर काही नाही. हुकूम काढणारा कितीही मोठा असो, तो कायद्यात बसतो का हे विचारता आलंच पाहिजे.

मग राज्य सरकार विशेष परवानगी मागून दिल्लीला गेलं. 1982 साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला: राज्य पुनर्रचना कायद्याच्या 51व्या कलमाप्रमाणे राज्यपालांच्या संमतीनं असा हुकूम काढता येतो. 27 ऑगस्ट 1984 पासून हे खंडपीठ कायमचं झालं.

पैसा नाही म्हणून कुणी घरी बसू नये. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे चौकशी करावी. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि तुरुंगातले कैदी यांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळू शकतो. मात्र उशीर करू नका. उच्च न्यायालयाच्या निकालानंतर दिल्लीला जाण्याची मुदत साधारणपणे 90 दिवसांची असते. निकालाची नक्कल हाती आली की तिच्यावरची तारीख आधी स्वतः वाचा, मग वकिलाकडे जा.