यूएसबी पोर्टमधली वीज

संगणकाच्या यूएसबी पोर्टमधून माहितीची ये-जा होते आणि वीजही मिळते. हे मानक 1996 साली आले. त्याआधीच्या सिरियल पोर्टमध्ये विजेसाठी वेगळी तार नव्हती. त्यावर चालणारा माउस संदेशाच्या तारांतूनच गरजेपुरती वीज उचलत असे.

नेहमीच्या चपट्या टाइप-ए प्लगमध्ये चार पट्ट्या दिसतात. मधल्या दोन माहितीच्या. कडेच्या दोनपैकी एक पाच व्होल्टची, दुसरी ग्राउंडची. निरखून पाहिल्यास कडेच्या पट्ट्या सुमारे एक मिलिमीटरने जास्त लांब आढळतात. त्यामुळे प्लग लावताना आधी वीज जोडली जाते आणि काढताना ती शेवटी तुटते. चालू संगणकाला पेनड्राइव्ह निर्धास्त लावता येतो, त्यात या मिलिमीटरचा मोठा वाटा आहे.

वीज मात्र मागून घ्यावी लागते. यूएसबी 2.0 मध्ये नव्याने जोडलेल्या उपकरणाला फक्त 100 मिलिॲम्पिअर प्रवाह घेण्याची मुभा असते. ते आपली ओळख आणि गरज कळवते. संगणकाचा होकार आला की 500 मिलिॲम्पिअर, म्हणजे अडीच वॅटपर्यंत घेता येतात. यूएसबी 3.0 ने 2008 मध्ये ही मर्यादा 900 वर नेली. स्वतःचा ॲडॉप्टर नसलेल्या यूएसबी 2.0 हबच्या एकेका पोर्टच्या वाट्याला मात्र 100 मिलिॲम्पिअरच येतात. तबकडी फिरवायला जास्त प्रवाह लागणारी पोर्टेबल हार्ड डिस्क तिथे अडखळते, ती बहुधा याच कारणाने. डिस्क बिघडलेली नसते.

टाइप-सी पोर्ट याहून सावध आहे. काही जोडेपर्यंत त्यावर व्होल्टेजच नसते. उपकरणातला 5.1 किलोओहमचा रेझिस्टर सीसी नावाच्या पिनवर जाणवला, की पाच व्होल्ट सुरू होतात. काही स्वस्त उपकरणांत हा क्षुल्लक किमतीचा भाग गाळलेला असतो, आणि मग दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर ती चार्जच होत नाहीत. ही काटकसर ग्राहकाला महागात पडते.

त्याच पिनवरून ‘पॉवर डिलिव्हरी’ची बोलणी होतात. पाचाचे 9, 15 किंवा 20 व्होल्ट होतात. 2021 च्या सुधारणेनंतर 48 व्होल्ट आणि 240 वॅटपर्यंत मजल जाते. तीन ॲम्पिअरच्या पुढे जायचे, तर केबलमध्येही तिची क्षमता सांगणारी चिप लागते. ती नसेल, तर 100 वॅटचा चार्जरही 60 वॅटवर थांबतो. लॅपटॉप सावकाश चार्ज होत असेल, तर नवा चार्जर घेण्याआधी केबल तपासावी.